वाक्यातली बातमी

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, असे बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. हा समाज पुढे इथेच तेलघाणे चालवत राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे आली, घरात मराठी आली, हिब्रू विसरली गेली. 'शेमा' ही प्रार्थना मात्र टिकली.

या प्रार्थनेच्या गाभ्याच्या विधानात क्रियापद नाही. दोनदा ईश्वराचे नाव, मध्ये 'आमचा देव', शेवटी 'एक'. 'आहे' कुठे धरायचे ते ऐकणाऱ्याने ठरवावे. एका अर्थाने ती निष्ठेची शपथ होते: आमचा देव तोच, दुसरा कोणी नाही. दुसऱ्या अर्थाने ते ईश्वराच्या स्वरूपाबद्दलचे विधान होते: तो एक आहे, अनेक नव्हे. दोन्ही अर्थांचे पुरस्कर्ते आहेत. शब्द हलले नाहीत, विधेय तेवढे हलले.

1832 साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने या समाजासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. क्रियापदाविना वाक्य असते, याचे मराठी माणसाला नवल वाटायला नको. 'रेवदंडा माझे आजोळ' असे आपण सर्रास म्हणतो. अवघड आहे ते कोणाविषयी बोललो आणि काय बोललो यांतली सीमा आखणे. शाळेच्या पुस्तकात ही सीमा दोन रकान्यांमधल्या रेघेइतकी सरळ दिसते: ज्याविषयी बोलायचे ते उद्देश्य, जे बोलायचे ते विधेय.

हे दोन्ही शब्द आपल्याकडे मीमांसकांनी घासूनपुसून घेतले, आणि त्यांना वाक्यांचे तक्ते भरायचे नव्हते. वेदाची आज्ञा पाळायची तर नेमके काय करायचे, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता. सोमयागात सोमरसाचे पेले असतात, त्यांना 'ग्रह' म्हणतात. ग्रह पुसावा, अशी एकवचनी आज्ञा आहे. मग एकच पुसायचा की सगळे? मीमांसक म्हणतात, सगळे. पेले आधीच ठाऊक आहेत, वाक्य त्यांचा फक्त उल्लेख करते, म्हणून तिथले एकवचन मोजायचे नाही. नव्याने सांगितले आहे ते पुसणे. उलट पशूने याग करावा, या आज्ञेत पशूच नव्याने सांगितला आहे, म्हणून तिथे एक म्हणजे एकच. 'धक्क्याला लागणाऱ्या होडीने कंदील लावावा' अशी पाटी लावली, तर नियम एकाच होडीपुरता आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि प्रत्येक होडीवर कंदील मात्र एकच पुरेल. मीमांसा म्हणजे कर्मकांडाची कटकट, अशी समजूत असणाऱ्यांनी ही चर्चा एकदा पाहावी. कायद्याचा मसुदा करणाऱ्याला आजही तिचा उपयोग आहे.

तर विधेय म्हणजे वाक्यातले आधी माहीत नसलेले. अरबी व्याकरणात नामवाक्याच्या या भागाला 'खबर' असेच नाव आहे.

अकराव्या शतकात काश्मीरच्या महिमभट्टाने हीच कल्पना काव्याला लावली. जे ठासून सांगायचे ते समासात किंवा विशेषणात दडपले, तर तो दोष. 'व्यक्तिविवेका'त त्याने या दोषाची सविस्तर झडती घेतली, आणि मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त तो 'अविमृष्टविधेयांश' म्हणून आला. 'बुडालेल्या बोटीचा तांडेल सापडला' या वाक्यात बोट बुडाल्याची बातमी विशेषणाच्या आडून येते. कवीच्या हातून हे नकळत होत असेल. सरकारी जाहिरातीत ते मुद्दाम होते. 'यशस्वी योजनेचा दुसरा टप्पा सुरू' असे वाचले की आपण दुसऱ्या टप्प्यावर वाद घालतो आणि 'यशस्वी' हा शब्द बिनविरोध निवडून येतो.

वाक्याचा मुख्य अर्थ कोणता, यावरही आपल्याकडे शतकानुशतके भांडण चालले. 'तांडेल जाळे टाकतो' घ्या. वैयाकरणांच्या मते इथे टाकण्याची क्रिया मुख्य, तांडेल आणि जाळे तिचे सहभागी. क्रियापदात भाव प्रधान असतो, असे यास्काने निरुक्तात सांगून ठेवले होते, त्याचीच ही वाट. नैयायिकांच्या मते तांडेल मुख्य, आणि जाळे टाकण्याचा प्रयत्न हे त्याचे विशेषण. मीमांसक म्हणतात, काहीतरी घडवून आणण्याची खटपट, म्हणजे 'भावना', मुख्य. सतराव्या शतकातही हा वाद मिटलेला नव्हता.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने विधानाचे नाम आणि क्रियापद असे भाग पाडले. माणूस चालतो आणि माणूस चालत आहे यांत फरक नाही, असेही त्याने म्हटले. पुढच्या तर्कशास्त्राने त्यावर उद्देश्य, 'आहे' आणि विधेय असा तीन खणांचा साचा उभारला. मराठीला तो जरा टोचतो. 'तांडेल पहाटे निघतो' ही त्याची रीत, 'तांडेल निघत आहे' ही आत्ताची घटना.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली आले, ते इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 सालचे. दरम्यान वाक्यपृथक्करण शाळेत शिरले. मीमांसकांचे शब्द आणि ॲरिस्टॉटलचे खण, अशी ही सोयरीक. ती फारशी जमली नाही असे मला वाटते. 'मला समुद्र दिसतो' यात बोलणे कोणाविषयी, माझ्याविषयी की समुद्राविषयी? क्रियापद समुद्राप्रमाणे चालते, पाहणारा मी. मुलांनी एका रकान्यात एक लिहावे आणि गुण घ्यावेत, एवढेच तक्त्याला सुचते.

गोटलोब फ्रेगे या जर्मन गणितज्ञाने 1879 मध्ये हा साचाच मोडला. मुरूड रेवदंड्याच्या दक्षिणेला, रेवदंडा अलिबागच्या दक्षिणेला, म्हणून मुरूड अलिबागच्या दक्षिणेला. हे शेंबडे पोरही सांगेल, पण 'रेवदंड्याच्या दक्षिणेला असणे' हा मुरूडचा एकसंध गुण मानला तर जुन्या तर्कशास्त्राला हे अनुमान बसवता येत नाही. फ्रेगेने विधेयाला रिकाम्या जागा ठेवल्या: '— हे — च्या दक्षिणेला आहे'. दोन्ही जागा भरा, मग खरे-खोटे ठरवा. 'मला समुद्र दिसतो' हेही मग सुटते: दिसणे, त्याच्या दोन जागा, एकीत मी, दुसरीत समुद्र. क्रिया मध्ये आणि कारके भोवती मानणाऱ्या पाणिनीच्या परंपरेला हे ओळखीचे वाटावे. साम्य तेवढ्यापुरतेच. पाणिनीला शब्दसिद्धी करायची होती, फ्रेगेला गणिताचा पाया.

या व्यवहारात फ्रेगेने एक गोष्ट समजूनउमजून सोडली. कर्तरी वाक्य आणि त्याचे कर्मणी रूप यांतून निष्कर्ष तेच निघतात, म्हणून त्याच्या चिन्हलिपीत दोघांचा आशय एक. त्या हिशेबाने 'बोट रेवदंड्याला लागली' आणि 'रेवदंड्याला बोट लागली' ही वाक्येही एकच. पण बोट मुरूडला गेली की रेवदंड्याला, याची काळजी करणाऱ्याला पहिले वाक्य हवे असते. बंदरावर उतारू घ्यायला आलेल्या रिक्षावाल्याला दुसरे.