ओंजळीतले पाणी

आयर्लंडच्या वायव्येस, स्लायगो परगण्यात, बेन बल्बेन नावाचा चुनखडकाचा डोंगर आहे. उंची ५२६ मीटर. माथा सपाट, कडे उभे. कवी येट्स यांची समाधी त्याच्याच पायथ्याशी, ड्रमक्लिफ येथे आहे. परंतु त्याहून कितीतरी जुनी अशी एक मृत्युकथा या डोंगराशी निगडित आहे; आणि तिने उभा केलेला नैतिक प्रश्न आपणां सर्वांच्या फार जवळचा आहे.

फियाना या योद्ध्यांच्या दलाचा नायक फिन. त्याची वाग्दत्त वधू ग्रॉनिया हिने मेजवानीच्या रात्रीच तरुण डियरमिडला शपथेने बांधले आणि त्याच्यासह पलायन केले. वर्षानुवर्षे पाठलाग झाला. अखेर समेट झाला. पुढे बेन बल्बेनवरील शिकारीत रानडुकराने डियरमिडला प्राणांतिक जखमी केले. फिनच्या ओंजळीतून पाणी प्यायलेला जखमी बरा होत असे, आणि झरा तर नऊ पावलांवर होता. फिनने दोनदा ओंजळ भरली. दोन्ही वेळा ग्रॉनियाच्या स्मरणाने पाणी बोटांमधून गळू दिले. नातू ऑस्कर याने निर्वाणीचा इशारा दिला तेव्हा तिसरी ओंजळ भरलेली आली. पण तोवर डियरमिडचे प्राण गेले होते.

फिन दोषी आहे काय? त्याने शस्त्र उचलले नाही. जखम डुकराने केली. शिवाय अपमान त्याचा झाला होता. औदार्य हे सक्तीने मागता येत नाही, असेही कोणी म्हणेल. हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. पाणी आणणे दुसऱ्या कोणालाही साधले असते, तर मीही तो मान्य केला असता. परंतु उपाय एकट्या फिनच्या हातांत होता. भोवतालचे वीर केवळ पाहू शकत होते. जे आपल्यावाचून कोणीच करू शकत नाही, ते न करणे हे तटस्थ राहणे नव्हे. ती कृतीच होय.

आणखी एक गोष्ट मला अधिक बोचते. फिनने ‘नाही’ म्हटले नाही. स्पष्ट नकार दिला असता, तर त्या वैराला निदान प्रामाणिकपणा तरी राहिला असता. तो झऱ्यावर गेला, वाकला, परतला. मदतीचा सगळा विधी त्याने यथासांग पार पाडला. फक्त बोटे किंचित सैल सोडली.

आपल्यांपैकी अनेकांच्या टेबलावर अशी ओंजळ रोज येते. एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाचा कागद आपल्याच सहीसाठी थांबलेला असतो. आपण तो नाकारत नाही. एक शेरा मारतो, एक खुलासा मागवतो. नियम कोठेही मोडत नाही. यथावकाश मंजुरीही जाते. ती पोहोचेपर्यंत घेणारे माणूस उरले आहे की नाही, हे मात्र दप्तरात नोंदले जात नाही.

पाणी आपोआप गळाले की गळू दिले, हे पाहणाऱ्यांना कदाचित कळणार नाही. बोटांना ते ठाऊक असते.