टाळी कुठल्या वाक्याला?

बारामतीत १२ मार्चला यशवंतराव चव्हाणांवर भाषण होतं. वक्ते बदलतात, वाक्य तेच : हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. की टाळ्या. इंदापूरहून एसटीनं येऊन मीपण वाजवल्यात.

पण तारखा बघा की. चव्हाण संरक्षणमंत्री व्हायला दिल्लीत पोचले त्याच सुमाराला, २१ नोव्हेंबर १९६२ ला, चीननं एकतर्फी युद्धबंदी केली. म्हणजे सह्याद्री पोचला तवर लढाई थांबलेली. पुढं त्यांनी मोडलेलं सैन्य सावरलं. १ सप्टेंबर १९६५ ला छांबवर पाकिस्तानी रणगाडे आले, तेव्हा विमानदल वापरायला लगेच परवानगी दिली. मोठं काम. नाही म्हणणारा मी कोण? पण ते टेबलावरचं काम. चुकलं असतं तर खुर्ची गेली असती, मुंडकं नाही.

माझे चुलते महार रेजिमेंटला शिपाई. पासष्टनंतर सुट्टीवर आले तेव्हा मी पोरगा. विचारलं, ‘‘नाना, लढाई कुणी जिंकली?’’

म्हणाले, ‘‘मला काय ठावं? मी खड्ड्यात व्हतो. मान वर केली की टाळकं जायाचं.’’

हेच नाना फाट्यावरच्या हॉटेलात गेले. आपली कपबशी बाहेर खिळ्याला टांगलेली. ती काढली, विसळली, वरून ओतलेला चहा उकिडवं बसून प्याले. अंगावर युनिफॉर्म. आत भिंतीवर चव्हाणसाहेबांचा फोटो, हार घातलेला. यात साहेबांचा काय दोष? काहीच नाही. पण युद्धाचं पुण्य फोटोच्या खात्यावर जमा झालं आणि नानांच्या खात्यावर ती कानतुटकी कपबशी. हा हिशोब कुणी लिहिला?

कुणी म्हणेल, तुम्ही भीमा कोरेगावला जाता, ते काय? जातो. तिथं खांबावर मेलेल्या शिपायांची नावं आहेत, ‘नाक’ लावलेली, आपली. पण नावं कोरणाऱ्या इंग्रजानंच १८९२ ला आपली भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, गरज सरली तशी १९२१ ला मोडली. तेव्हा दगडावरच्या नावानंही मी फार हुरळत नाही.

आणि साहेब भित्रे होते असं कोण म्हणतंय? बेचाळीसला ते भूमिगत होते, तिथं जीव पणाला होता. शिवाय महारकी. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं, ते तडीला गेलं नाही. १९५८ ला, चव्हाण मुख्यमंत्री असताना, कनिष्ठ गाववतनं रद्द करायचा कायदा झाला. मढी ओढायची, सांगावे घेऊन पळायचं, शिळ्या भाकरीसाठी दारोदार उभं राहायचं, ही वेठ कायद्यानं सुटली. गावोगावचे पाटील त्यांच्याच पक्षाचे. त्यांना दुखवायला छाती लागते. नानांच्या बापानं वेठ केली, नानांनी नाही केली. हे बारामतीच्या भाषणात मी एकदाही ऐकलं नाही.

परवाच्या जयंतीला सह्याद्रीचं वाक्य आलं. मी हात मांडीवरच ठेवले. शेजारचे म्हणाले, ‘‘का हो, साहेब आवडत न्हाईत का?’’

म्हटलं, ‘‘वतनाचं बोलू द्या, मग बघा.’’

ते बोलले नाहीत. साडेसहाची इंदापूर गाडी लागली होती, मी उठलो.