टायमिंगची खूण

केलेलें काम बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्याकरितां तें पुन्हां उकललें, आणि चूक निघालीच नाहीं, तर ते श्रम व्यर्थ गेले काय? हा प्रश्न आम्हांस घुग्घुस येथील एका लहानशा गॅरेजांत पडला.

तेथें एक तरुण मिस्त्री मारुती ८०० चें इंजिन नव्यानें बांधीत होता. (ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत निघत असे.) ज्या वाचकांनीं असें काम पाहिलें नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगतों. खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हां वरचा कॅमशाफ्ट एक घेतो, व त्याप्रमाणें वॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. दोघांस टायमिंग बेल्ट जोडतो. दोन्ही चाकांवर खुणा असतात. त्या आपापल्या जागीं आणून बेल्ट चढवावयाचा, मग क्रँकशाफ्ट पान्यानें हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हां जुळतात कीं नाहीं तें पाहावयाचें, अशी ह्या धंद्याची रीत आहे.

पुष्कळ दांत चुकले तर इंजिन सुरूच होत नाहीं. कित्येक इंजिनांत पिस्टन वॉल्व्हांवर आदळतात. तेथें लपविण्यासारखें कांहीं उरत नाहीं. मोह आहे तो एका दांताच्या चुकींत. गाडी चालते, मात्र चढावर दम धरीत नाहीं व पेट्रोल अधिक पिते. मालक बिचारा पेट्रोलवाल्यास दोष देत बसतो.

झांकण बसविल्यावर ह्या मिस्त्र्यास आठवेना कीं ते दोन फेरे आपण फिरविले होते काय. संध्याकाळ झाली होती. मालक बाहेर खोळंबला होता.

उस्ताद म्हणाले, "सेल्फ मारून पाय ना. चालली त चालली."

"चालन जी उस्ताद, पण बराबर आहे का नाही, ते कसं समजन?"

त्यानें झांकण पुन्हां काढलें. कोळशाच्या गांवची धूळ तेलांत मिसळून चाकावर बसली होती. ती फडक्यानें पुसून त्यानें फेरे मोजले. खुणा जुळलेल्याच होत्या.

दीड तास फुकट गेला, म्हणून उस्ताद हंसले. पैशाच्या हिशेबानें त्यांचें म्हणणें खोटें नव्हे. शिवाय जेथें तपासणीचा वेळ मजुरींत धरीत नाहींत, तेथें घाईचा सर्व दोष पोरांच्या माथीं मारणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. तथापि वेळ फुकट गेला हें आम्ही मानीत नाहीं. काम आधींही बरोबर होतें, परंतु "काम नीट झालें ना?" असें मालकानें विचारिलें असतें, तर त्या पोरास होय म्हणण्याचा अधिकार नव्हता. त्याचें उत्तर नशिबानें खरें ठरलें असतें, इतकेंच.

मालकानें उशिराबद्दल कुरकुर केली. मिस्त्र्यानें कारण सांगितलें, पण जास्त मजुरी मागितली नाहीं. ती त्यानें मागावयास हवी होती, असें आमचें मत आहे.