परक्या हातून आलेले काडतूस आणि प्रामाण्याचा प्रश्न

एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवायचे, हा भारतीय दर्शनांतील एक मूलभूत वाद असून त्याला प्रामाण्यवाद असे नाव आहे; आणि तो बहुधा शिंपल्यावर भासणारी चांदी, दोरीवर भासणारा साप किंवा मृगजळ अशा उदाहरणांनी समजावून दिला जातो. ही उदाहरणे सोयीची आहेत, कारण त्यांत फसलेला माणूस वाकून शिंपला उचलतो, त्याला चूक कळते आणि व्यवहार पुढे चालू राहतो. मात्र ज्या वस्तूच्या बाबतीत चूक कळण्याचा क्षण आणि इजा होण्याचा क्षण एकच असतो, तिच्यावर हा वाद तपासून पाहिला तर त्याचे स्वरूप पालटते. परक्या हातून आलेले जुने काडतूस ही अशी वस्तू आहे.

ठाणे जिल्ह्याला हा विषय दूरचा नाही. कल्याणहून कर्जतच्या दिशेने तिसरे स्थानक असलेल्या अंबरनाथ येथे आयुधनिर्माणी आहे, तिच्या कामांत काडतुसांच्या पुंगळ्या ज्यांपासून ओढून काढतात त्या पितळी वाट्यांचे उत्पादन येते, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ती यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. खुद्द काडतुसे बनवणारे महाराष्ट्रातील कारखाने म्हणजे १८६९ पासूनचा खडकीचा आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा. मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या शेतकरी घरात पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोर बंदूक आणि तिच्या काडतुसांचा डबा परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांच्या हाती आला, किंवा डोंबिवलीतील एखाद्या परवानाधारकाला ओळखीच्या माणसाने आपली उरलेली काडतुसे देऊ केली, की प्रश्न उभा राहतो: ही खरी आहेत काय, आणि खरी असली तरी आज वापरण्याजोगी आहेत काय?

पहिले प्रमाण प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी होणारे ज्ञान. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण ठोकलेली असते, उदाहरणार्थ खडकीची ‘केएफ’. परंतु ती खूण पुंगळीविषयी बोलते, पुंगळीच्या आतल्या दारूविषयी नव्हे, आणि एकदा उडवलेली पुंगळी कोणी पुन्हा भरली असेल तर मूळ खूण जशीच्या तशी राहून आतला माल मात्र वेगळा असतो. हिरवा गंज, पोचा, फुगलेले कागदी किंवा प्लॅस्टिकचे आवरण, सैल झालेली गोळी, वर आलेली टोपी (म्हणजे घोड्याच्या आघाताने पेट घेणारा बुडातला भाग) ही लक्षणे दिसली तर काडतूस टाकाऊ ठरते. पण ती दिसली नाहीत म्हणून ते चांगले ठरत नाही. येथे प्रत्यक्ष ज्ञान दोष सिद्ध करू शकते, निर्दोषपणा सिद्ध करू शकत नाही, आणि हा एकतर्फीपणा पुढच्या सगळ्या विवेचनाच्या मुळाशी आहे.

याचा सर्वांत बोलका दाखला हिंदुस्थानातील पावसाळ्यानेच दिला. ब्रिटिश अमलात फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्याचे महिने तबेल्यांत ठेवली जात आणि मोसम सरल्यावर त्यांना चिरा पडलेल्या आढळत. या विकाराला मोसमावरूनच नाव पडले. त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. थंड अवस्थेत ओढून पुंगळी घडवताना पितळात ताण अडकून राहतो, घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया ओलाव्यासह त्या ताणलेल्या धातूवर काम करतो, आणि बाहेरून कोणतीही झीज दिसण्यापूर्वीच धातू तडकतो. घडवलेली पुंगळी योग्य तापमानाला तापवून तो ताण घालवणे हा त्यावरचा उपाय ठरला. दारूची स्थितीही अशीच आहे. धूररहित दारूतील नायट्रोसेल्युलोज हे द्रव्य काळाने आपोआप विघटित होते, विघटनातून सुटणारे नायट्रोजनचे ऑक्साइड ते विघटन आणखी वाढवतात, त्यांना शोषून घेण्यासाठी मिसळलेले स्थिरक द्रव्य हळूहळू संपत जाते, आणि उष्णता या सगळ्याला वेग देते. पत्र्याच्या छपराखाली दहा उन्हाळे काढलेला डबा आणि थंड, कोरड्या कोठारात राहिलेला डबा डोळ्यांना सारखेच दिसतात. बार फुसका निघाला तर केवळ निराशा होते असेही नाही: दारूचा जोर कमी पडून गोळी नळीतच अडकली आणि वापरणाऱ्याने दुसरा बार काढला, तर नळी फुटून त्याचा हात वा डोळा जाऊ शकतो.

न्यायदर्शनाचे उत्तर असे की ज्ञानाचे खरेपण बाहेरून, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळास आली यावरून ठरते. यास परतःप्रामाण्य म्हणतात. वात्स्यायनाच्या न्यायभाष्याचा आरंभच या विचाराने होतो. पाणी दिसले, प्याले, तहान भागली, म्हणून ते पाणीच होते. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीनेही वस्तूने आपले कार्य करून दाखवणे हीच कसोटी मानली. काडतुसाला ही कसोटी लावता येते, पण लावताच काडतूस संपते. उडवलेल्या काडतुसाविषयी ज्ञान पक्के होते, परंतु ते ज्ञान वापरायला ते काडतूस उरत नाही. जे उरते ते त्याच्या शेजारचे, ज्याविषयी काहीच पाहिलेले नाही.

म्हणून अनुमानाकडे वळावे लागते. शितावरून भाताची परीक्षा करतात ती याच मार्गाने, आणि ती बरोबर ठरते कारण सगळी शिते एका भांड्यात, एका आचेवर, तेवढाच वेळ शिजलेली असतात. दारूगोळ्याच्या कारखान्यात एका खेपेच्या मालाला, ज्याला तेथे लॉट म्हणतात, क्रमांक दिला जातो आणि त्यातील काही नग उडवून बाकीच्यांविषयी निर्णय होतो तो याच आधारावर. नैयायिक ज्याला व्याप्ती म्हणतात, म्हणजे हेतू आणि साध्य यांचा अतूट संबंध, तो येथे समान इतिहासाने बांधलेला असतो. परहस्ते आलेल्या डब्यात नेमका हाच धागा तुटलेला असतो: पाच काडतुसे एका लॉटची, चार दुसऱ्याची, दोन कोणाची तरी उसनी, काही लोखंडी पेटीत राहिलेली, काही पावसात शेतावर गेलेली. त्यांतली तीन नीट उडाली तर तीनच नीट उडाली, एवढेच कळते.

उरते शब्दप्रमाण. न्यायसूत्रांनुसार आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द, आणि वात्स्यायनाने आप्त कोणाला म्हणावे हे सांगताना वस्तूचे साक्षात ज्ञान आणि ते जसेच्या तसे सांगण्याची इच्छा या दोन अटी घातल्या. शिवाय ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना हेच लक्षण लागू पडते असे म्हटले, ही त्याची उदारता आजही आदरास पात्र आहे. १८५७ मध्ये एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसांना लावलेली चरबी कशाची, याविषयी सरकारने दिलेली आश्वासने शिपायांनी स्वीकारली नाहीत, कारण वंगण पाहून चरबी ओळखता येत नव्हती आणि सांगणाऱ्याच्या हेतूवरचा विश्वास उडालेला होता. तेथे दुसरी अट ढासळली होती. परहस्ते आलेल्या काडतुसाबाबत बहुधा पहिली ढासळते. देणारा मित्र पूर्ण प्रामाणिक असतो, फक्त त्याला ठाऊक नसते, आणि त्याच्या प्रामाणिकपणामुळेच घेणारा फसतो.

मीमांसक कुमारिल भट्ट याने मात्र ज्ञान स्वतःच प्रमाण मानले: ते उत्पन्न होताच खरे धरावे आणि त्याला खोटे ठरवणारे ज्ञान, म्हणजे बाधक, आले तरच सोडावे. रोजचा व्यवहार असाच चालतो आणि तो तसाच चालला पाहिजे, अन्यथा कल्याणच्या फलाटावर उभा असलेला माणूस कोणत्याच गाडीत चढणार नाही. परंतु या नियमाला एक मर्यादा मानणे भाग आहे, आणि काडतूस ती उघड करते: बाधक ज्ञान हानीच्या आधी येऊ शकेल तेथेच ‘तोवर खरे मानावे’ हा नियम न्याय्य आहे. जेथे बाधक हानीच्याच रूपाने येते, तेथे सिद्ध करण्याचा भार उलटतो. नैयायिक उदयनाचार्याने शंकेला व्याघाताची, म्हणजे स्वतःच्याच कृतीशी येणाऱ्या विरोधाची सीमा घातली होती. जो अन्न खातो त्याला अन्नाने भूक भागते याविषयी शंका घेता येत नाही. पण बार काढलाच पाहिजे अशी सक्ती कोणावर नसल्याने येथे शंका कायम ठेवण्यात कोणताही व्याघात नाही.

जैन विचाराने हिंसेचे लक्षण सांगताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मुळाशी ठेवले, आणि ते येथे थेट लागू पडते. नळी फुटली तर शेजारी उभा असलेलाही जखमी होतो, ज्याने कोणताच निर्णय घेतलेला नसतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी परिसरातील लोकांनाही अशीच झळ पोचवली. १९५९ चा शस्त्र अधिनियमही याच दिशेने जातो: परवानाधारकाने आपला दारूगोळा दुसऱ्या पात्र व्यक्तीस देण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यास किंवा पोलीस ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबले पाहिजे, आणि धारकाच्या मृत्यूनंतर वारसांनी तो पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केला पाहिजे.

अशा रीतीने जमा होऊन न उडवताच नष्ट केलेल्या काडतुसांविषयी एक प्रश्न दर्शनाच्या कक्षेत शिल्लक राहतो. न्याय-वैशेषिकांच्या मते जे आहे ते ज्ञेय आहे, म्हणजे जाणता येण्याजोगे आहे. त्यामुळे त्या डब्यातील प्रत्येक काडतूस चांगले होते की नासलेले, हे निश्चितच होते. ते कोणालाही कळले नाही, आणि ते वापरू नये हा निर्णय तरीही पूर्ण सकारण होता, कारण तो काडतुसाच्या गुणावर नव्हे तर ते पाहणाऱ्याच्या हाती असलेल्या प्रमाणांवर उभा होता.