साधनेची कसोटी

आपल्या पेडणे महालात हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यांवर हंगामाच्या दिवसांत योगासनांचे आणि ध्यानाचे वर्ग चाललेले दृष्टीस पडतात. साता समुद्रांपलीकडची माणसे येथे येऊन डोळे मिटून बसतात. ते पाहून आपल्यापैकी कोणी हसतो, तर कोणी अभिमानाने म्हणतो की ही विद्या आमची आहे. परंतु विद्या कोणाची, याचा निवाडा जन्मावरून होत नसतो. जो ती आचरतो, त्याची ती होते. या दृष्टीने गोमंतकातच जन्मलेल्या एका साधकाचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. ते साधक म्हणजे आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांखवाळ या गावी झाला. घरी माडांचे बागाईत होते. शाळेचे शिक्षण तुटपुंजे झाले. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्रावरील एक लेख वाचनात आला आणि या तरुणाच्या मनाने ठाव सोडला. बुद्धाचा धर्म मुळातून जाणावा, हा एकच ध्यास त्यांना लागला. १८९९ सालच्या अखेरीस पत्नी बालाबाई आणि तान्ही कन्या यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी अशी वाट तुडवीत ते संस्कृत शिकले. पुढे नेपाळ व बुद्धगया पाहून सिंहलद्वीपास गेले आणि तेथे १९०२ मध्ये विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. तदनंतर ब्रह्मदेशात अरण्यवास पत्करून त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला.

येथे एक प्रश्न कोणाही गृहस्थाच्या मनात उभा राहील, आणि तो दडवून ठेवणे योग्य नव्हे. तान्हे मूल आणि तरुण पत्नी यांना सोडून जाणे, हा धर्म कसा? ज्या घरात त्या दिवशी दिवा कोणी लावला असेल, त्या बालाबाईंचे काय? चरित्रकार साधकाच्या पायपिटीचे वर्णन करतात, परंतु मागे राहिलेल्या माणसाने सोसलेले दिवस कोणी मोजत नाही. मला तर वाटते की बालाबाईंचे ते सोसणे हेही तपच होते. केवळ घर सोडले म्हणून कोणी थोर ठरत नाही. घर सोडणारे पुष्कळ असतात. सोडून गेलेला मनुष्य काय मिळवितो, आणि मिळविलेले घेऊन कोणाकडे परततो, यावर त्याच्या त्यागाचे मोल ठरते.

धर्मानंद परतले. सुमारे सात वर्षांच्या भ्रमणानंतर १९०६ मध्ये त्यांनी भिक्षुवेष उतरविला, कलकत्त्यास अध्यापन पत्करले आणि पुन्हा संसार मांडला. १९०७ मध्ये त्यांना पुत्र झाला. तेच पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून विख्यात झालेले दामोदर कोसंबी. यानंतर त्यांच्या जीवनात दुसरा त्याग घडला. माझ्या अल्पमतीस तो पहिल्याहून मोठा वाटतो. कलकत्ता विद्यापीठात त्यांना दरमहा २५० रुपये मिळू शकत होते. परंतु बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि लोकांसाठी ग्रंथ लिहावेत. धर्मानंदांनी ५० रुपये पत्करले. पहिल्या वेळी ते ज्ञानासाठी आपल्या माणसांपासून दूर गेले होते, दुसऱ्या वेळी ते ज्ञान आपल्या माणसांना देण्यासाठी जवळ आले. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘भगवान बुद्ध’ हे ग्रंथ मराठी वाचकांच्या हाती आले, त्याच्या मुळाशी हा निर्णय आहे.

आता कोणी विचारील की आम्ही देवळात पूजाअर्चा करणारे लोक, आम्हांला बौद्धांच्या ध्यानाशी काय कर्तव्य? याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. आपल्या डिचोली महालात हरवळे येथे श्रीरुद्रेश्वराच्या देवळाजवळ जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. डिचोलीजवळच लामगाव येथेही अशाच गुहा आहेत. या ठिकाणी एके काळी बौद्ध भिक्षू राहत असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात, तर काहींचे मत निराळे आहे. आज तेथे शिवलिंगे आहेत. बार्देशातील कोलवाळजवळ मुशीर येथे १९३० मध्ये फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. ज्या भूमीत हे दोन्ही प्रवाह वाहिले, तेथील माणसाने एकाला आपला आणि दुसऱ्याला परका म्हणणे उचित होणार नाही.

दोहोंत भेद नाही असे मात्र समजू नये. आत्म्याविषयी उभयतांचे सिद्धांत भिन्न आहेत, आणि ते भिन्न आहेत हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. साधनेच्या रीतीतही भेद आहे. संध्येत आपण प्राणायाम करतो. पूरक, कुंभक, रेचक या क्रमाने श्वासाला आपल्या आज्ञेत आणतो. बौद्धांच्या आनापानस्मृतीत श्वासावर कोणतीच सत्ता चालवावयाची नसते. तो लांब असो, आखूड असो, जसा येतो जातो तसा केवळ पाहावयाचा असतो. एकीत शिस्त आहे, दुसरीत साक्षित्व आहे. परंतु ज्याने प्रामाणिकपणे पाव घटका तरी बसून पाहिले आहे, त्याला हे ठाऊक असते की दोन्हीकडे पहिला शत्रू एकच, आपलेच सैरावैरा धावणारे मन.

आणि एका ठिकाणी तर या दोन वाटा स्पष्टपणे मिळतात. पतंजलींनी चित्त प्रसन्न होण्यासाठी ज्या चार भावना सांगितल्या, त्या मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. बौद्ध परंपरेत याच चार भावनांना ब्रह्मविहार म्हणतात. सुखी मनुष्य पाहून मैत्री वाटावी, दुःखी पाहून करुणा यावी, दुसऱ्याच्या पुण्याने आनंद व्हावा, आणि जेथे आपला इलाज चालत नाही तेथे मन समतोल राहावे. धर्मानंदांच्या जीवनातही हा संगम दिसतो. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते १९१० मध्ये अमेरिकेस गेले. या वुड्सनी पतंजलींच्या योगसूत्रांचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. धर्मानंदांना तेथे काम मिळाले ते बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या शील, समाधी व प्रज्ञा यांवरील पाली ग्रंथाच्या संपादनाचे. त्यासाठी त्यांनी चार वेळा समुद्रप्रवास केला. हार्वर्डची ती आवृत्ती अखेर १९५० मध्ये निघाली, तेव्हा धर्मानंद या जगात नव्हते. फळाकडे न पाहता कर्म करावे हे आपण नित्य ऐकतो. येथे ते घडलेले दिसते.

मैत्री आणि करुणा त्यांनी पोथीतच ठेवल्या नाहीत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी उडी घेतली व कारावास सोसला. १९३७ मध्ये मुंबईच्या कामगार वस्तीत बहुजन विहार स्थापन करून ते श्रमजीवी लोकांत राहिले. अखेर ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून शांत चित्ताने त्यांनी देह ठेवला. गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांचे आदराने स्मरण केले.

ज्या ध्यानासाठी धर्मानंदांना ब्रह्मदेश गाठावा लागला, ते आज आपल्या दाराशी आले आहे. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ही साधना घेऊन भारतात आले. १९७६ पासून इगतपुरी येथे दहा दिवस मौन पाळून ती शिकविली जाते, आणि तीही शुल्क न घेता. तेव्हा मार्ग दूर आहे, ही सबब आता उरलेली नाही.

सज्जनहो, कोणी उठून घर सोडावे असे माझे सांगणे नाही. सायंकाळी देवापुढे समई लागली, की आरतीपूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि येणारा जाणारा श्वास पाहावा. मग ज्या माणसाशी सकाळी आपले बिनसले असेल, त्याचे नाव मनात घेऊन त्याचे कल्याण चिंतावे. तो बहुधा आपल्याच घरात असेल. ते साधले तर साधना लागू पडली असे समजावे. न साधले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. एवढे बळ आपणा सर्वांस लाभो, ही श्रींच्या चरणी प्रार्थना.