अगोदर कोणाचा नंबर?

(सामान्य काळातील तेरावा रविवार : मार्क ५:२१-४३)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशूपुढे एकाच वेळी दोन रुग्ण येतात. एक याईराची बारा वर्षांची मुलगी. याईर सभास्थानाचा अधिकारी, गावातला वजनदार माणूस. त्याचे नाव मार्कने नोंदवून ठेवले आहे. लेक शेवटच्या घटका मोजते आहे म्हणून तो येशूच्या पाया पडतो आणि येशू लगेच त्याच्याबरोबर निघतो. वाटेत दुसरी रुग्ण येते. तिचे नाव कोणालाच ठाऊक नाही. बारा वर्षे तिच्या अंगावरून जाते आहे. मार्क आणखी एक गोष्ट सांगतो, जी वाचून आपण सहसा पुढे जातो. या बाईने पुष्कळ वैद्य केले, जवळचे होते नव्हते ते सगळे घातले, आणि गुण येण्याऐवजी तिचे दुखणे वाढतच गेले.

बीड जिल्ह्यात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते.

हे कशामुळे झाले ते आपण जाणतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल अगोदरच घेतलेली. फडावरच्या कोपीत न्हाणी नाही, संडास नाही, पाणी पुरेसे नाही. अडचणीच्या दिवसांत बाई पडून राहिली तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पांढरे जाते, पोट दुखते म्हणून दवाखान्यात गेले तर ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते. घरची माणसेही म्हणतात, ‘दोन लेकरे झाली, आता पिशवीचे काय काम?’ मग ऑपरेशनसाठी पुन्हा मुकादमाकडून उचल. पुष्कळदा गोळ्यांनी भागले असते असे ते दुखणे असते. नंतर कंबर धरते, सांधे दुखतात. अंडाशयेही काढली असतील तर हाडे लवकर ठिसूळ होतात.

या निमित्ताने नेहमीचा वाद उभा राहतो. औषधोपचार हा सर्वांचा हक्क असावा, की ज्याला परवडेल त्याने विकत घ्यावा? बाजाराची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे आपण ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, खासगी दवाखाना रात्री उघडा असतो, तिथे डॉक्टर भेटतो, औषध मिळते. सरकारी केंद्रात कधी डॉक्टर नसतो, कधी मशीन बंद असते. हे खोटे नाही. खासगी दवाखान्यात प्रामाणिकपणे सेवा करणारे डॉक्टरही आहेत.

पण बाजार कधी नीट चालतो? बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, पटला नाही तर दावे सोडून घरी येतो. आजारपणात तसे होत नाही. काय हवे आहे हे विकणाराच सांगतो, आणि घेणारा भ्यालेला असतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली हेच दाखवून दिले की, आजाराबद्दल डॉक्टरला जेवढे कळते तेवढे रुग्णाला कळत नाही, म्हणून औषधोपचार हा इतर मालासारखा माल नाही. त्याच वर्षी पोप तेविसावे योहान यांनी ‘पाचेम इन तेर्रीस’ या परिपत्रकात औषधोपचाराला माणसाच्या मूलभूत हक्कांत स्थान दिले. संत थॉमस अक्वायनस दोन प्रकारचे न्याय सांगतात. एक देवाणघेवाणीचा, म्हणजे जेवढे दाम तेवढा माल. दुसरा वाटपाचा, म्हणजे जे सर्वांचे आहे ते प्रत्येकाला योग्य रीतीने पोहोचवणे. आरोग्य पहिल्या न्यायावर सोडले की गरिबाच्या वाट्याला रिकामी पिशवी येते, पैशांचीही आणि पोटातलीही.

मग सर्वांना कार्ड दिले म्हणजे प्रश्न सुटला का? महाराष्ट्रात आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आहे आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. ही चांगली पावले आहेत. पण बिहार आणि छत्तीसगडमध्ये २०१२ साली काय उघड झाले ते विसरू नये. तिथे विम्याच्या कार्डावर पैसे मिळतात म्हणूनच अनेक बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. बिल सरकारने भरले तरी देखरेख नसेल तर शरीर गरिबाचेच कापले जाते. आपल्या जिल्ह्यात २०१९ नंतर खासगी रुग्णालयांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली, ती याच कारणाने.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. खाटा, डॉक्टर, रक्त हे सगळे मोजके असते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, ऑक्सिजनच्या एका खाटेसाठी आपल्या माणसांनी किती दारे ठोठावली ते आपण पाहिले. म्हणून काही जण विचारतात, ‘सर्वांना द्यायचे म्हटले तर उपचारांचेही रेशन करावे लागेल, ते चालेल का?’ बंधू-भगिनींनो, रेशन आजही आहे. आज ते पाकीट करते, ओळख करते, वशिला करते. फडातून दवाखान्यापर्यंतचे अंतर करते. फरक एवढाच की त्याची यादी कुठे लावलेली नसते. तेव्हा खरा प्रश्न हा की, नंबर कशावरून लागावा, पैशावरून की गरजेवरून?

आता पुन्हा येशूकडे पाहा. याईराचे काम तातडीचे आहे. गर्दी ढकलते आहे. येशू मात्र थांबतो आणि आपल्याला कोण शिवले असे विचारतो. नियमाप्रमाणे ती बाई विटाळाची, कोणाला शिवायची नाही. येशू तिला बोलू देतो, तिचे सगळे ऐकून घेतो, आणि तिला मुलगी म्हणून हाक मारतो. याईराला एक मुलगी आहे. या बाईसाठी पाया पडणारा बाप नव्हता, तो येशू झाला.

या वेळात याईर काय करत होता? तो थांबला. मार्क त्याचे एकही कुरकुरीचे वाक्य नोंदवत नाही. तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप आला. येशूने तिला उठवले, पण आपल्या रुग्णालयांत कोणी मेलेल्याला उठवू शकत नाही. म्हणून थांबण्याची किंमत खरी असते, हे लपवू नये. ‘सर्वांना उपचार’ म्हणणे सोपे आहे. माझी ओळख असूनही मी रांगेत उभा राहीन, हे म्हणणे कठीण आहे. जिथे ओळखीचा माणूस थांबायला तयार नसतो, तिथे बिननावाच्या बाईचा नंबर कधीच लागत नाही.

दुसऱ्या वाचनात संत पौल करिंथकरांना हेच सांगतो. एकाने सुखात राहावे आणि दुसऱ्याने ओझे वाहावे असे नको, समानता हवी. रानात मान्ना गोळा केला तेव्हा ज्याने जास्त घेतले त्याला उरले नाही, ज्याला थोडे मिळाले त्याला कमी पडले नाही.

म्हणून आपल्या धर्मग्रामासाठी चार गोष्टी सांगतो. पहिली : दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी प्रत्येक बाईची तपासणी व्हावी. दुसरी : एका डॉक्टरच्या शब्दावर पिशवी काढू नका. बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दुसरे मत घ्या, परवानगीचा कागद मागा. नवरे मंडळींनो, खाड्याचा हिशेब करताना बायकोच्या आयुष्याचाही हिशेब करा. तिसरी : ज्या बाईबरोबर जायला कोणी नाही, तिच्यासोबत शेजारच्या घरातून कोणीतरी जावे. एस.टी.चे भाडे आपण दानपेटीतून देऊ. चौथी : ‘फादर, चिठ्ठी द्या’ म्हणून येता, या. अडवलेल्याला रांगेत उभे करण्यासाठी चिठ्ठी देईन. रांगेतल्या दुसऱ्याला मागे सारण्यासाठी मागू नका.

पहिल्या वाचनात ऐकलेच आहे की, देवाने मृत्यू निर्माण केला नाही. मग जे मरण आणि जे दुखणे माणसाच्या लोभाने येते, ते देवाच्या माथी मारू नये. ते थांबवणे आपल्या हाती आहे.

येशूत आपला,
धर्मगुरू