उरलेला रंग

दिवाळीपूर्वी घराच्या भिंती उजळतात, रंगाऱ्याचा हिशेब चुकता होतो, आणि माळ्यावर, मोडक्या छत्र्यांच्या पंक्तीस, रंगाचा एक अर्धा डबा कायमचा मुक्कामास येतो. ‘पुढे उपयोगी पडेल’ ही त्याची सनद, जी सहसा कोणी पडताळून पाहत नाही. पुढे कधीतरी तोच मोरीत उपडा होतो आणि तैलरंगातील टर्पेंटाइन गटारावाटे ओढ्याकडे रवाना होते. वस्तुतः २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात गणले असून, ते ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळ्या संकलनाच्या हवाली करण्याची तरतूद केली. डिस्टेंपरासारखा पाण्यात कालवलेला थोडा रंग उरला, तर तो वाळूत वा लाकडाच्या भुशात मुरवून, उघड्या हवेत वाळवून मग द्यावा. तैलरंग मात्र घट्ट बंद डब्यातच. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या तर बोळा करून कोपऱ्यात टाकूच नयेत, कारण वाळताना त्यांत उष्णता साठून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. अर्थात, डबा ताजा असेल आणि शेजाऱ्यांचा दरवाजा रंगवायचा राहिला असेल, तर सर्वांत सोयीची विल्हेवाट तीच. फक्त छटा त्यांना आधी दाखवावी.